मुंबईतील बिअर

मुंबई शहरात बिअरचे सेवन, विक्री आणि मर्यादित प्रमाणात निर्मिती यांची परंपरा ब्रिटिश अमदानीपासून चालत आली आहे. कुलाबा, फोर्ट, गिरगाव, दादर, परळ, लोअर परळ आणि लालबाग या दक्षिण व मध्य मुंबईच्या पट्ट्यात ती इराणी कॅफे, परमिट रूम, बिअर शॉपी आणि २०१३ नंतर सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरी अशा वेगवेगळ्या ठिकाणी आढळते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. बिअर तयार करणे, विकणे, बाळगणे आणि पिणे या चारही गोष्टींना त्याखाली परवाना लागतो. मुंबईच्या बिअरप्रेमींच्या आवडीनिवडींचा इतिहास त्यामुळे बराचसा परवान्यांचा इतिहास आहे.

== पार्श्वभूमी ==

बिअर येण्याच्या कितीतरी आधीपासून मुंबई बेटांवर माडी व ताडी ही सौम्य पेये प्रचलित होती. माहीम, दादर आणि गिरगाव परिसरातील माडांच्या व ताडांच्या वाड्यांतून भंडारी समाजातील लोक झाडे छेदून रस काढीत. हा रस काही तासांतच आपोआप आंबू लागतो. त्याचा मद्यांश साधारणपणे बिअरच्या आसपास असतो, आणि बिअरप्रमाणेच तो ताजा असतानाच चांगला लागतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडे छेदण्यावर कर आणि परवान्याची बंधने अधिक कडक झाली. ‘अबकारी’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळला तो याच काळातील व्यवहारातून.

बिअर इंग्लंडहून जहाजाने येत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील जॉर्ज हॉजसन यांच्या कारखान्याची फिकट बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील अधिकारी हिंदुस्थानात आणून विकीत. पुढे ती ‘इंडिया पेल एल’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ही बिअर सैनिकांसाठी खास शोधून काढली, अशी कथा बिअरप्रेमींच्या गप्पांत हमखास ऐकू येते. ती खरी नाही. हॉप जास्त घातलेली फिकट बिअर इंग्लंडमध्ये आधीपासूनच होती आणि तिचे हिंदुस्थानातील गिऱ्हाईक मुख्यतः मुलकी व लष्करी अधिकारी होते. साधे गोरे सैनिक काळी ‘पोर्टर’ पीत, आणि कंपनी तीही मोठ्या प्रमाणावर मागवीत असे.

उष्ण हवामान ही बिअरची जुनी अडचण होती. किण्वन थंड वातावरणात व्हावे लागते, म्हणून एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील प्रमुख बिअर कारखाने कसौली, सोलन, मरी अशा थंड हवेच्या ठिकाणी निघाले. मुंबईत १८३४ च्या सुमारास अमेरिकेतून जहाजाने बर्फ येऊ लागला आणि श्रीमंतांच्या घरी थंड पेय शक्य झाले. सर्वसामान्यांच्या आवाक्यात गार बिअर आली ती यांत्रिक शीतकरण रुळल्यावर.

== दारूबंदी ==

बाळ गंगाधर खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. खात्याचे मंत्री डॉ. मंचेरशा गिल्डर हे स्वतः पारशी होते, आणि मद्यव्यवसायात मोठा वाटा असलेल्या पारशी समाजातूनच या धोरणाला तीव्र विरोध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व हा प्रयोग टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर ‘मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९’ संमत झाला आणि १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली.

या कायद्याला फ्राम नसरवानजी बलसारा यांनी न्यायालयात आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा’ या खटल्याचा निकाल दिला. औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त वस्तूंवरील बंदीचा भाग न्यायालयाने रद्द केला. मात्र कायद्याचा गाभा कायम ठेवला. ‘मद्य’ या शब्दाच्या व्याख्येत मद्यार्क असलेला प्रत्येक द्रव सामावून घेण्याचा राज्याचा अधिकार मान्य झाल्यामुळे सौम्य बिअर, ताडी आणि कडक दारू कायद्याच्या दृष्टीने एकाच माळेत ओवली गेली. या निकालाची चर्चा घटनेच्या अभ्यासक्रमात मूलभूत हक्क व कायद्याची विभाज्यता यांच्या अनुषंगाने होते. बिअरच्या दृष्टीने पाहता, सौम्य पेयाला वेगळी आणि हलकी वागणूक द्यावी हा युक्तिवाद महाराष्ट्रात पुढे अनेक वर्षे दुबळा राहिला, त्याची मुळे या सरसकट व्याख्येत सापडतात.

बंदीच्या काळात शहरातील मद्यपान थांबले नाही, ते आडोशाला गेले. धोबी तलाव, माझगाव, वांद्रे या भागांत गोवेकर व ईस्ट इंडियन स्त्रिया घरातच गिऱ्हाइकांना दारू देत. या जागांना ‘आंटीचा अड्डा’ म्हणत. कामगार वस्त्यांत हातभट्टीचे गुत्ते चालत. या चोरट्या धंद्यात बिअरला फारशी जागा नव्हती, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. बिअरमध्ये पाणी जास्त आणि मद्यार्क कमी. तेवढ्याच आकाराच्या बाटलीत लपवून न्यायची तर गावठी दारू कितीतरी फायद्याची पडते. शिवाय बिअरला थंडावा लागतो आणि ती लवकर बिघडते. बंदीचा फटका अशा रीतीने सर्वांत सौम्य पेयालाच सर्वाधिक बसला आणि पिणारे अधिक कडक पेयाकडे वळले.

== परमिट रूम आणि बाटलीबंद बिअर ==

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० व १९७० च्या दशकांत सरकारने कायदा रद्द न करता परवान्यांची पद्धत टप्प्याटप्प्याने सैल केली. मद्य पिण्याचा वैयक्तिक परवाना असलेल्या व्यक्तीला उपाहारगृहाच्या ज्या खोलीत बसून पिता येई, ती ‘परमिट रूम’. पुढे परवाना विचारण्याची रीत जवळजवळ मोडली, पण फलकावरचे नाव राहिले. दादर, परळ, लालबागच्या रस्त्यांवर आजही ‘परमिट रूम व फॅमिली रेस्टॉरंट’ असे शब्द दिसतात. शहराबाहेरून आलेल्या माणसाला त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागतो. तशीच गंमत ‘वाइन शॉप’ची. तेथे सर्व प्रकारचे मद्य मिळते आणि वाइन बहुधा सर्वांत कमी विकली जाते. केवळ बिअर व वाइन विकणाऱ्या दुकानाला ‘बिअर शॉपी’ म्हणतात.

परमिट रूममधील बिअर म्हणजे दीर्घकाळ ६५० मिलिलिटरची बाटली आणि तिच्यातील लागर. ३३० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीला मुंबईत ‘पिंट’ म्हणतात. ब्रिटिश पिंट प्रत्यक्षात ५६८ मिलिलिटरचा असतो. मुंबईच्या बाजारात ‘लंडन पिल्सनर’ या नावाची बिअर विशेष लोकप्रिय होती. नाव लंडनचे, प्रकार बोहेमियाचा आणि गिऱ्हाईक मुंबईचे असा तिचा थाट होता. युनायटेड ब्रुअरीज या १९१५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची ‘किंगफिशर’ १९७८ नंतर देशभर पसरली आणि मुंबईतही पुढे गेली. या कंपनीचा एक कारखाना नवी मुंबईतील तळोजा येथे आहे. राज्यातील बाटलीबंद बिअरचे मोठे केंद्र मात्र छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक वसाहत हे ठरले. ‘फॉस्टर्स’ ही ऑस्ट्रेलियन बिअर १९९८ मध्ये तेथूनच भारतीय बाजारात आली.

भारतीय मानकांनुसार मद्यांश आकारमानाने ५ टक्क्यांपर्यंत असलेली बिअर ‘सौम्य’ आणि त्याहून अधिक, ८ टक्क्यांपर्यंत असलेली बिअर ‘स्ट्राँग’ समजली जाते. देशातील खप बहुतांशी स्ट्राँग बिअरचाच आहे आणि ‘हेवर्ड्स ५०००’, ‘किंगफिशर स्ट्राँग’, ‘टुबोर्ग स्ट्राँग’ ही नावे परळ-लालबागच्या परमिट रूममध्ये रोजची आहेत. याला केवळ अभिरुचीचा दोष मानणे योग्य नाही. ज्या गिऱ्हाइकाला करांसह मोठी किंमत मोजावी लागते, ते चवीपेक्षा रुपयामागे मिळणाऱ्या मद्यार्काचा हिशेब आधी करते.

दक्षिण मुंबईत बिअरची आणखी एक परंपरा इराणी कॅफेंनी सांभाळली. कुलाब्यातील लिओपोल्ड कॅफे १८७१ मध्ये सुरू झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात ते लक्ष्य झाले आणि काही दिवसांतच पुन्हा उघडले. जवळच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांची चित्रे आहेत. फोर्टमधील कॅफे मिलिटरीमध्ये खिमा, धानसाक आणि बिअर एकाच टेबलावर येतात. या जागांत बसून वेळ काढता येतो, बिअर एकत्र मागवून वाटून घेता येते. त्यामुळे महाविद्यालयीन विद्यार्थी, पत्रकार, वकील आणि परदेशी प्रवासी यांची ती ठरलेली बैठक झाली.

परमिट रूममध्ये बिअरसोबत जो खाऊ येतो त्याला ‘चखणा’ म्हणतात. खारे शेंगदाणे, चणे, कांदा-टोमॅटो घातलेला मसाला पापड हे त्यातले नेहमीचे पदार्थ. मध्य मुंबईत मालवणी व गोमंतकीय स्वयंपाकामुळे तळलेला बोंबील, सुकटीची चटणी, कोळंबी यांचीही जोड मिळते. तळलेल्या, तिखट व खारट पदार्थांबरोबर गार, फिकट लागर चांगली जुळते हे येथील खाणाऱ्यांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय ठरवलेले आहे.

== गिरण्यांच्या आवारातील बिअर ==

परळ, लालबाग, लोअर परळ हा गिरणगावाचा भाग. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकामागून एक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि तिच्यात २००१ मध्ये झालेल्या बदलाने गिरण्यांच्या जमिनी अन्य वापरासाठी खुल्या झाल्या. फिनिक्स, कमला, मथुरादास, तोडी या गिरण्यांच्या आवारांत कार्यालये, दुकाने आणि उपाहारगृहे आली. उंच छताच्या, भक्कम जोत्याच्या जुन्या शेड बिअर तयार करण्याच्या टाक्यांसाठी सोयीच्या होत्या. मुंबईच्या क्राफ्ट बिअरची सुरुवात याच आवारांत झाली, हा निव्वळ योगायोग नाही.

महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी मात्र पुण्यात निघाली. सुकेतू तळेकर व प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन बिअरतज्ज्ञ ऑलिव्हर शाउफ यांच्या साहाय्याने २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू केली. हे नाव नाशिकजवळील देवळालीवरून आले आहे. तेथील लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत कंटाळलेल्या ब्रिटिश सैनिकांवरून ‘डोके फिरलेला’ या अर्थाने हा शब्द इंग्रजी बोलीत शिरला. डूलालीने पुढे मुंबईत अंधेरी, गिरगावजवळचा केम्प्स कॉर्नर आणि कुलाबा या ठिकाणी आपली दालने काढली.

मुंबई शहरातील पहिली मायक्रोब्रुअरी म्हणून ‘द बार्किंग डियर’चे नाव घेतले जाते. ग्रेगरी क्रॉइट्श या अमेरिकन गृहस्थांनी लोअर परळच्या मथुरादास मिल आवारात ती उभी केली आणि २०१३ मध्ये तेथे बिअर मिळू लागली. २०१४ मध्ये जावेद मुराद यांची ‘व्हाइट आउल’ ही मायक्रोब्रुअरी लोअर परळमध्येच, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या वन इंडियाबुल्स सेंटर या इमारतीत सुरू झाली. तिची बिअर नंतर बाटलीतही आली. बंगळुरूच्या ‘टॉइट’ने पुढे मथुरादास मिल आवारात शाखा काढली.

‘गेटवे ब्रुइंग कंपनी’ची वाट थोडी निराळी होती. नवीन मित्तल, कृष्णा नाईक व राहुल मेहरा यांनी उपाहारगृहाला जोडून टाक्या न बसवता डोंबिवली येथे छोटा कारखाना उभारला आणि तेथून पिंपे भरून शहरातील बारना बिअर पुरवायला सुरुवात केली. २०१४ मध्ये आलेली त्यांची ‘व्हाइट झेन’ ही गव्हाची बिअर होती. कुलाब्याच्या ‘वुडसाइड इन’सारख्या ठिकाणी ती नळावरून मिळू लागली. ज्या बारकडे स्वतःची यंत्रणा उभी करण्याइतकी जागा वा भांडवल नाही, त्यांनाही यामुळे ताजी बिअर देता आली.

गिरणीच्या आवारांतील या उलाढालीला दुसरी बाजू आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारातील गच्चीवरील दोन उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर महानगरपालिकेने शहरभर उपाहारगृहांची बेकायदा बांधकामे पाडली, आणि अरुंद वाटा, गच्च्यांवरील ज्वालाग्राही छते व आवारांतील गर्दी यांवर जाहीर चर्चा झाली. गिरणगावातील जुन्या चाळींत राहणाऱ्यांना आपल्याच गल्लीच्या टोकाला असलेली ही दुनिया परकी वाटते, ही तक्रारही जुनी आहे. मायक्रोब्रुअरीतील एका पेल्याच्या किमतीत परमिट रूममध्ये चखण्यासह अख्खी बैठक होऊ शकते.

== प्रकार आणि आवडीनिवडी ==

बिअरचे मूळ घटक चार: पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेले सातू), हॉप आणि यीस्ट. थंड तापमानात, टाकीच्या तळाशी बसणाऱ्या यीस्टने आंबवलेली बिअर ‘लागर’. तुलनेने उबदार तापमानात, पृष्ठभागाशी काम करणाऱ्या यीस्टने आंबवलेली ‘एल’. १८४२ मध्ये बोहेमियातील प्लझेन गावी तयार झालेली सोनेरी पिल्सनर ही लागरचीच जात असून भारतातील बहुतेक बाटलीबंद बिअर तिच्या दूरच्या वंशातील आहे. २०१३ पर्यंत मुंबईकरांच्या दृष्टीने ‘बिअर’ म्हणजे ही एकच चव होती.

क्राफ्ट बिअर आल्यावर सर्वांत लवकर रुजली ती गव्हाची बिअर. बव्हेरियन ‘हेफेवाइत्सन’मध्ये केळ्यासारखा व लवंगेसारखा वास येतो. त्यात केळे वा लवंग नसते. तो गंध यीस्टच्या क्रियेतून निर्माण होणाऱ्या संयुगांचा असतो. बेल्जियन ‘विटबिअर’मध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. धण्याचा वास मराठी नाकाला घरचा आहे. या बिअर कडू नसतात, गढूळ व मऊ असतात आणि दमट उन्हाळ्यात चालतात. पहिल्यांदाच क्राफ्ट बिअर चाखणाऱ्याला जाणकार बहुधा हीच सुचवतात.

‘इंडिया पेल एल’ला मिळालेला प्रतिसाद संमिश्र आहे. नावात इंडिया असूनही तिचा हॉपचा कडवटपणा भारतीय पिणाऱ्यांना सुरुवातीला रुचला नाही. नियमित पिणाऱ्यांत तिचा एक आग्रही वर्ग तयार झाला. तिच्यावर वाद घालणे हा त्या वर्गाचा आवडता उद्योग आहे. भाजलेल्या माल्टमुळे कॉफी-चॉकलेटसारखी लागणारी ‘स्टाउट’ व ‘पोर्टर’ पावसाळ्यात अधिक मागितली जाते. सफरचंदाचे ‘सायडर’ धान्यापासून होत नसल्याने काटेकोरपणे बिअर नव्हे, पण अनेक मायक्रोब्रुअरींत ते बिअरच्याच यादीत असते. हापूस आंबा, कोकम, गूळ, कॉफी अशा स्थानिक घटकांचे प्रयोग पुण्या-मुंबईच्या बिअरकारांनी केले आहेत. त्यांपैकी कोकम अधिक जमले आहे. त्याचा आंबटपणा व किंचित मीठ आंबूस बिअरच्या प्रकृतीला धरून आहे. आंबा घातलेली बिअर पुष्कळदा सरबताच्या वाटेने जाते.

ताजी, निर्जंतुक न केलेली बिअर थंड साखळीत ठेवावी लागते. हॉप बहुतांशी आयात करावे लागते. मुंबईत जागेचे भाडे, वीज आणि परवाना शुल्क यांची त्यात भर पडते, आणि पेल्याची किंमत मुख्यतः या खर्चांतून ठरते.

== रसिकांचे व्यवहार ==

बिअरप्रेमींच्या बैठकीत एकाच पेल्याऐवजी लहान लहान पेल्यांचा ‘सॅम्पलर’ मागवून चवी ताडून पाहण्याची पद्धत रुळली आहे. प्रथम फिकट, मग कडवट आणि शेवटी काळी असा क्रम पाळला जातो, कारण कडवट बिअरनंतर सौम्य बिअर पाण्यासारखी लागते. वुडसाइड इनमध्ये भरणारा बिअर व बर्गर महोत्सव आणि मायक्रोब्रुअरींमधील नव्या बिअरच्या चाखणी-बैठका यांतून ही मंडळी एकत्र येतात. चर्चेची भाषा बहुतांशी इंग्रजी आहे; खाद्ययाद्याही इंग्रजीतच असतात. वस्तुतः कडसर, तुरट, आंबूस, खरपूस, मातकट अशी चवीची नेमकी विशेषणे मराठीत आधीपासून आहेत आणि बिअरच्या वर्णनाला ती पुरेशी ठरतात.

या क्षेत्रातील अनेकांची सुरुवात परदेशात शिकत किंवा नोकरी करत असताना घरी बिअर तयार करण्याच्या छंदातून झाली. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये हा छंद कायदेशीर आहे. महाराष्ट्रात विनापरवाना मद्यनिर्मिती हा गुन्हा असून स्वतःपुरती बिअर करणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. त्यामुळे घरगुती बिअरकारांची जी मंडळे अन्यत्र नवे प्रकार जन्माला घालतात, ती येथे उघडपणे उभी राहू शकत नाहीत. नवा प्रयोग थेट परवानाधारकाच्या मोठ्या टाकीतच करावा लागतो आणि तो फसला तर नुकसान मोठे होते.

== कायदेशीर स्थिती ==

१९४९ च्या अधिनियमाच्या नावातील ‘मुंबई’ या शब्दाच्या जागी नंतर ‘महाराष्ट्र’ आला. ‘दारूबंदी’ हा शब्द तसाच आहे. अंमलबजावणी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आहे. राज्यात बिअर पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे, तर कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. पिणाऱ्याने वैयक्तिक परवाना घेणे अजूनही अपेक्षित असून विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांत, वार्षिक १०० रुपयांत आणि आजीव १,००० रुपयांत मिळत आला आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य ग्राहकांनी तो कधी पाहिलेलाही नसतो.

महात्मा गांधी जयंती, प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, आषाढी व कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि मतदानाचा काळ हे ‘ड्राय डे’ असतात. अनंत चतुर्दशीला लालबाग-परळच्या मिरवणुका गिरगाव चौपाटीकडे निघतात, तेव्हा वाटेवरील सर्व परमिट रूम बंद असतात.

करोना महासाथीच्या टाळेबंदीत मायक्रोब्रुअरींच्या टाक्यांत तयार असलेली ताजी बिअर वाया जाण्याची वेळ आली. जुलै २०२० मध्ये राज्य सरकारने ती ‘ग्राउलर’ म्हणजे झाकणबंद मोठ्या बाटलीतून घरी नेण्यासाठी विकायला परवानगी दिली. २०२३ मध्ये बारमध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरील मूल्यवर्धित कर ५ वरून १० टक्के झाला. त्याच वर्षी बिअरवरील उत्पादन शुल्क कमी करावे काय, याचा विचार करण्यासाठी सरकारने एक अभ्यासगट नेमला. सौम्य पेयावर कडक मद्याइतका भार नसावा, ही बिअर उद्योगाची जुनी मागणी त्यामागे होती. दारूबंदीचे समर्थक याला विरोध करतात. स्वस्त बिअर ही तरुणांसाठी मद्यपानाची पहिली पायरी ठरते, असे त्यांचे म्हणणे आहे.